जपानी बीअरचे चार नमुने

शाल्मली ग्लासांवर चिठ्ठ्या चिकटवून स्वयंपाकघरात आली, तोवर मामाने तिच्या चारही जपानी बाटल्या पातेल्यात ओतून डावाने ढवळायला घेतल्या होत्या.

“अरे मामा! उद्या कंपनीच्या मुलाखतीत याच चार बीअर चाखून ओळखायच्यात मला!”

“कंपनी एकच ना? मग कशाला भेदभाव? आज जेवायला येणाऱ्या पाहुण्यांत एकाला काळी आणि दुसऱ्याला पिवळी दिली, तर जन्मभर ऐकवतील.”

तिने पळीभर चाखून पाहिली. कडू, गोड, करपट, सगळं एकमेकांत गेलं होतं. आता यातून काही वेगळं काढणं कुठल्याही प्रयोगशाळेला जमलं नसतं.

निदान रिकाम्या बाटल्यांत वास तरी राहिला असेल, म्हणून ती मोरीकडे धावली. मामीने चकचकीत बाटल्या अभिमानाने पुढे केल्या.

“लिंबू लावून घासल्यात. हुंगून बघ, जरासुद्धा वास येत नाही.”