आईचा चेहरा

“आई पाहिजे म्हणजे आईच पाहिजे. मामा चालत नाही गा!”

“पोरगी तं तीच आहे ना? का तीबी चालत नाही?” पियुषनं दीड वर्षाच्या भूमिकाले कडेवरून उतरवून टेबलावर बसवलं. खिचडी खाता खाता अंगणवाडीतली पोरं थांबली अन् पाहू लागली.

अंगणवाडीच्या भावनाबाईनं मोबाइल त्याच्यासमोर धरला. “हे पाय. नाव मेघा. तिनं कॅमेऱ्यात पाहायचं, डोळे मिचकवायचे. मशीननं ओळखलं का मग आहाराची पाकिटं. मी माझ्या मनानं वाटली तं मलेच नोटीस येते.”

“पाकिटं आहेत कुठं?”

“अलमारीत.”

“आमच्या पोरीची?”

“तुमच्याच पोरीची. दोन महिन्यांची पडून आहेत.”

पियुषनं अलमारीकडं पाहिलं. कुलूप एवढंसं. एका लाथेत गेलं असतं. दहावीत शाळा सुटली ती अशाच एका लाथेपायी, म्हणून त्यानं पाय आवरला.

सकाळीच भूमिकाचं वजन झालं होतं. सात किलो तीनशे. बाईच्या तक्त्यावर तिचं नाव पिवळ्यात होतं. अजून जरासं उतरलं का लाल. तिचा बाप कन्हानले कामाले म्हणून गेला तो गेलाच. आई, म्हणजे पियुषची बहीण मेघा, हिंगण्याच्या कंपनीत पॅकिंगले. सहाची बस, यायले रात्र. अंगणवाडी दोनले बंद. जेवणाच्या सुट्टीत ती दोनदा येऊन गेली, दोन्ही वेळा मशीननं तिले ओळखलं नाही. साहेब बोलला होता, तिसऱ्यांदा गेटबाहेर पाय ठेवला तं परत येऊ नको.

“मोबाइल घेऊन कंपनीत चला ना, बाई. मी गाडीवर नेतो.”

“अंगणवाडीच्या बाहेर ते उघडतच नाही. आम्ही कुठं आहोत ते वरून पाहत राहते.”

“वा! आईले ओळखत नाही, अन् तुम्ही कुठं फिरून राहिल्या ते बरोबर ओळखते!”

भावनाबाईले हसू आलं. ते त्यांनी लगेच गिळलं. “मीबी वैतागली आहे गा. नोंदणी माझ्या आधीच्या जिजाबाईनं केली. शेवटच्या दोन दिवसांत ऐंशी नावं चढवली अन् रिटायर झाल्या. आतला फोटो मले दिसत नाही, मशीनलेच दिसते. आधार कार्डावरचा असन, लग्नाच्या आधीचा. तेव्हा मेघा कशी भरलेली होती. आता पाय, वाळून गेली.”

ते दोन दिवस पियुषले चांगले आठवत होते. रस्त्यापर्यंत रांग. त्यानं ताईच्या आधारची झेरॉक्स दिली होती. जिजाबाईनं कडेवरच्या भूमिकाचा फोटो काढला, पोरीनं त्यांचा चष्मा ओढला, अन् त्या खेकसल्या, “झालं, सरक!” एवढं सोपं होतं तेव्हा सगळं.

“आज शेवटची तारीख आहे,” भावनाबाई म्हणाल्या. “तीन चान्स. तिन्ही गेले तं नाव कटते. मग वरच्या ऑफिसच्या चकरा.”

पियुषनं पोरीले तिथंच सोडलं अन् गाडीले किक मारली.

जेवणाची सुट्टी होताच मेघा डोक्यावरची कंपनीची टोपी न काढताच गाडीवर बसली. डबा तिनं उघडलाबी नव्हता, तसाच हातात होता. अंगणवाडीत भावनाबाईनं तिले खिडकीसमोर उभं केलं.

“टोपी काढ वं. केस मागं घे. अन् गाल जरा फुगव.”

“काहून?”

“पहिलेसारखी दिसशीन.”

मेघानं गाल फुगवले, डोळे मिचकवले. पोरं खिदळली. स्क्रीन लाल झाली. पुन्हा फुगवले. पुन्हा लाल.

मेघाचे गाल खाली बसले. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. “एक चान्स राहू द्या, बाई. चाल रे पियुष, लवकर.”

गाडी कुठंच थांबली नाही, तरी गेट बंद झालं होतं. चौकीदारानं आतूनच हात हलवला. तिचं नाव खोडून झालं होतं.

“मी साहेबाशी बोलतो,” पियुषनं बाह्या सरसावल्या.

“तू तं बोलूच नको. तो निघन तेव्हा मी त्याचे पाय धरीन. तू पोरीकडं जा. पण लवकर ये परत. इथं एकटीनं बसाले कसंतरी वाटते.” मेघा गेटसमोरच्या दगडावर बसली अन् थंड डबा मांडीवर घेतला.

पियुष परत आला तेव्हा पोरं घरी गेली होती. भूमिका भावनाबाईच्या मांडीवर झोपली होती. मोबाइल टेबलावर, त्यावर मेघाचं नाव तसंच उघडं.

“ताईचं काम गेलं,” तो म्हणाला.

भावनाबाईनं पोरीले थोपटलं. “मग आता तरी घेऊन ये तिले. एक चान्स आहे अजून.”

“आणून काय करू? चेहरा तं तोच आहे तिचा! तुमच्या मोबाइलची काचच फुटकी असन. दाखवा इकडं.”

“अरे, हात नको लावू...”

त्यानं मोबाइल उचलला, शर्टाले घासला अन् कॅमेऱ्यात नाक घालून पाहिलं. रस्त्याची धूळ डोळ्यात सलून राहिली होती. त्यानं डोळे मिचकवले.

मोबाइल टुण्ण वाजला. स्क्रीन हिरवी झाली.

भावनाबाईनं त्याच्या हातातून मोबाइल घेतला. दोनदा मनातल्या मनात वाचलं, मग मोठ्यानं. “ओळख पटली. मेघा. भूमिकाची आई.”

पियुषनं झोपलेल्या भूमिकाकडं पाहिलं; फोटोच्या दिवशी ती त्याच्याच कडेवर होती.

“मले जा लागते आता. ताई गेटसमोर एकटी बसून आहे,” पियुष म्हणाला.