वाळीत टाकलेलं जहाज

सोपानने चिंचेला शिडी लावली आणि वर पाहिलं. आडव्या फांदीला पांढऱ्या फडक्यात बांधलेलं मडकं टांगलेलं होतं. त्यात त्याच्या वहिनीच्या, झुंबरबाईच्या, अस्थी होत्या. अस्थी घरात घ्यायच्या नसतात, म्हणून सावडल्यापासून त्या अंगणातच होत्या.

"दादा, गाडी आणून उभी केलीय," तो म्हणाला. "आळंदीला जाऊ, इंद्रायणीत सोडू, दुपारपतुर माघारी. माझ्या स्नेहलच्या सुपारीला पाहुणे येनार हायती. दारात हे असं टांगलेलं बघून त्यांनी काय म्हणावं?"

हौशीराम ओट्यावर बसला होता. "निलेश येऊ दे."

"किती वाट बघायची? जहाज हलंना, कुणी उतरू देईना. भांडण त्या दोन सरकारांचं, अन् आमची वैनी चिंचेला टांगलेली!"

निलेश हा हौशीरामचा एकुलता मुलगा, तेलाच्या जहाजावर फिटर. ज्या देशाचं तेल जहाजात भरलं होतं, त्याच्या सरकारवर दुसऱ्या एका मोठ्या देशाने निर्बंध घातले होते. जहाज परक्या किनाऱ्यासमोर नांगर टाकून उभं होतं. आई गेल्याचं निलेशला तिथेच कळलं.

त्याची बायको रेणुका मोबाईल घेऊन बाहेर आली. ती लोणावळ्याच्या एका हॉटेलात कामाला होती, पण आज गेली नव्हती.

"काका, जरा थांबा ना. ज्यांनी निर्बंध घातलेत, त्यांच्या संसदेत कायद्यातली दुरुस्ती मंजूर झाली. सहीपण झाली. आज होडी पाठवतो, असं खलाशांच्या युनियनवाले म्हणालेत."

"मागच्या खेपेलाबी असंच म्हणाले व्हते."

"तेव्हा ती समितीकडे परत गेली होती."

"म्हंजे आपल्या झेडपीवानीच हाय की," सोपान म्हणाला. "तिकडचा एखादा आमदार वळखीचा असता, तर पोतंभर इंद्रायणी तांदूळ घेऊन गाठला असता."

रेणुका हसली. हसल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

"पर मला एक सांग," सोपान म्हणाला, "निर्बंध सरकारवर. मग आपलं पोरगं का अडकलंय? त्ये काय तितलं हाय?"

"जहाज निर्बंधांच्या यादीत आहे, काका. त्या जहाजाला जो होडी देईल, पाणी देईल, त्यातला माणूस उतरवून घेईल, त्याचंही नाव यादीत जाणार. म्हणून कुणी जवळ जात नाही. नव्या दुरुस्तीत एवढंच आहे, की खलाशांना उतरवून घेणं गुन्हा धरायचा नाही."

"वाळीत टाकलंय रे जहाज," हौशीराम म्हणाला. "वाळीत टाकलेल्याला घोटभर पानी देईल, तोबी वाळीत. आपल्याला कुनी समजावून सांगाया पायजे का ह्ये?"

सोपान पायातल्या चपला काढून पुढे झाला. मग शिडी चढू लागला.

"सोपान, खाली उतर."

"दादा, मी काय परका हाय?" तो अर्ध्यावर थांबला. "मलाबी वैनीनंच भाकरी घातलीय. माझ्या हातनं गेली, तर न्हाई म्हनायची न्हाई ती."

 हौशीरामने मान खाली घातली.

"सोड मग," तो म्हणाला.

सोपान फांदीपर्यंत पोचला. गाठ हौशीरामनेच मारली होती. बैलाच्या दाव्याला मारतात तसली, ओढावी तशी आवळत जाणारी. सोपान ती नखाने उकरत होता, तेवढ्यात मोबाईल वाजला. रेणुकाने नाव पाहिलं आणि स्पीकर लावून फोन सासऱ्याच्या हातात दिला.

फोनमध्ये आधी नुसता वारा आला. मग निलेश ओरडला, "आबा! मी होडीत हाय. आमाला सगळ्यास्नी उतरवलं!"

रेणुका होती तिथेच पायरीवर बसली आणि तिने पदर तोंडाशी धरला.

"उतरला?" सोपान वरून म्हणाला. "पोरगं उतरलं?" आणि तो एवढ्याने ओरडला, की शेजारची चिमाबाई कुंपणाशी धावत आली. "आरं निल्या, चिंचेवरनं बोलतोय तुझा काका!"

हौशीरामने फोन दोन्ही हातांनी धरला होता. "पाय लागलं का जमिनीला?"

"लागतील आता. धक्का दिसतोय. ठेवतो मी, उतरल्यावर करतो."

"ठेवू नको. पाय लागस्तोवर बोलत ऱ्हा."

"काय बोलू?"

"कायबी बोल."

निलेश जेवणाचं बोलला, बरोबरच्या पोरांचं बोलला. इंजिनाचा आवाज थांबला. कुणीतरी परक्या भाषेत हाका मारत होतं. लाकडावर काहीतरी आपटलं.

"लागलं, आबा."

हौशीरामने श्वास सोडला. त्याचे खांदे खाली आले. चिमाबाई कुंपणापलीकडून विचारत होती, काय झालं, काय झालं. तिला कुणी काही सांगितलं नाही. सोपान शिडीवर पालथ्या मुठीने डोळे पुसत होता.

"आबा," निलेश म्हणाला. त्याचा आवाज आता बारीक झाला होता. "लय उशीर झाला माझ्यामुळं. मुंबईला उतरलो, की परस्पर आळंदीलाच येतो. तुमी आईला घेऊन तिकडं या."

"परस्पर न्हाई," हौशीराम म्हणाला. "आधी घरी ये. आई हाय अजून हितंच."