विश्रामबुवांची उचकी

जवळ या, सतरंजीवर अजून जागा आहे. खांबाला टेकून बसू नका, झोप लागते. कल्याणच्या विश्रामबुवांच्या उचकीची गोष्ट सांगतो. हसू येईल तिथे हसून घ्या, मी अडवत नाही.

उचकीचा सातवा दिवस होता आणि रामनवमी दोन दिवसांवर आली होती. राममंदिरातलं जन्माचं कीर्तन तीस वर्षं बुवांचंच. आता साधं एक पद म्हणायला घ्यावं, तर दर दुसऱ्या शब्दाला उचकी. लहानपणी नारळाच्या करवंटीने चिरलेली त्यांची डावी भुवई दर उचकीला अशी उडे, की समोरचा बोलायचं विसरून तिच्याकडेच बघत राही. देवळाच्या पंचांनी निरोप धाडला होता, उद्या सकाळपर्यंत थांबली नाही तर ठाण्याहून दुसरे हरदास बोलावू.

साखर झाली, सुंठ झाली, श्वास कोंडून झाला. पहिल्याच दिवशी बुवांच्या पत्नी रखमाबाईंनी नावं घेऊन पाहिली होती. ज्याने आठवण काढली त्याचं नाव घेतलं की उचकी थांबते, म्हणून.

"खडवलीच्या वन्सं," त्या म्हणाल्या. उचकी. "आपली उत्तरा." उचकी. "उत्तराच्या सासूबाई."

"त्या माझी आठवण—" उचकी. "—कशाला काढतील?"

"आणि..." रखमाबाई अडखळल्या.

"आणि कोण? आणखी कोण आहे आपलं?"

रखमाबाई तांदूळ निवडायला आत निघून गेल्या.

वैद्यांनी सांगितलं, दचकवा. जबर भीती बसली की जाते. हे काम मृदंगाच्या साथीला बसणाऱ्या त्र्यंबकने अंगावर घेतलं. बुवा संध्येला बसले असताना त्याने मागून पितळी परात आपटली. बुवा मागे न बघता म्हणाले, "त्र्यंबक, परात पोचली." आणि उचकी दिली.

मग त्र्यंबकला काचेच्या चित्रांचे खेळ आठवले. काचेवर चित्र रंगवायचं, मागे दिवा धरायचा, की पांढऱ्या चादरीवर ते माणसाहून मोठं होऊन उभं राहतं. बायका घेरी येऊन पडतात, असं त्याने ऐकलं होतं. बुवांना चित्रांचं वावडं. माणसाचं तोंड घडवणं हे देवाचं काम, त्यात आपण हात घालू नये, असं ते म्हणत. नऊ वर्षं त्यांच्या भिंतीवर देवाचंसुद्धा चित्र नव्हतं. पण जन्माचं कीर्तन हातचं जात होतं. निघाले.

ठाण्याच्या खेळात वेताळ आला. पुढची बाई नणंदेला म्हणाली, "अगं, हा अगदी आमच्या भावोजींसारखा." नणंदेने निरखून पाहिलं आणि मान डोलावली. भीती संपली.

दुसऱ्या दिवशी खडवलीला हडळ होती. हडळीचे पाय उलटे असतात हे खरं, पण काच लावणाऱ्याच्या चुकीने ती अख्खीच उलटी आली. गाव हसलं. मग बुवांची उचकी ऐकून आणखी हसलं.

"एवढ्या मुलखात एक भूत धड मिळू नये म्हणजे काय," परतताना त्र्यंबक करवादला.

"तू पुढे—" उचकी. "—बस. तुला बघून भीती वाटेल."

आज सातव्या दिवशी कल्याणातच, तळ्याकाठी, धोंडीबा नावाचा खेळवाला उतरला होता. दिवेलागणीला दोघे जाऊन बसले. एक सिंह झाला, एक लंगडा राक्षस झाला. त्र्यंबकने कपाळाला हात लावला.

"ही नवी काच हाय," धोंडीबा म्हणाला. "पोरं सांभाळा."

चादरीवर अर्धं उघडलेलं दार आलं. दारात एक म्हातारा. सुळे नाहीत, पाय सरळ. एक हात वर उगारलेला. धोंडीबाने दुसरी काच सरकवली आणि हात खाली आला. वर गेला. खाली आला. म्हाताऱ्याच्या पायाशी रंगाची एक वाटी, फुटलेली.

कोणी हसलं नाही. पुढे बसलेलं एक मूल रडायला लागलं. अरे, चित्र आहे ते, असं त्याच्या आईने म्हटलं नाही. तिने त्याला मांडीवर ओढून घेतलं.

त्र्यंबकने कान दिला. पन्नास मोजले, शंभर मोजले. उचकी नव्हती.

"गेली, बुवा. ह्याला म्हणतात भूत."

बुवा डाव्या भुवईवरून बोट फिरवत होते. खेळ संपल्यावर ते धोंडीबापाशी गेले.

"ही काच कोणाची?"

"ठाण्याला एक चितारी होता. आठवडा झाला, ही माझ्या हाती दिली आन् गेला. कुठं, ते नाय बोलला."

"हे त्याने कुठे पाहिलं?"

"मीबी तेच इचारलं. बोलला, बघून नाय काढलं. आठवून काढलं."

रामनवमीला देऊळ भरून वाहत होतं. बुवांचा आवाज असा लागला, की त्र्यंबकची बोटं मृदंगावर आपोआप पळाली. पाळणा झाला, गुलाल झाला. आरती पेटवायला घेतली, तेव्हा बुवांनी हात वर करून थांबवलं.

"भुताने उचकी घालवली, असं आमचे त्र्यंबकराव गावभर सांगत आहेत. तसं नाही. मी त्या अंधारात एक नाव घेतलं. नऊ वर्षं ते मी घरात घेऊ दिलं नव्हतं. काचेवरचं ते तोंड माझं आहे. आपण इथे चारशे जण आहात, एवढं करा. सहदेव, माझा मुलगा, त्याची आठवण काढा. असेल तिथे त्याला उचकी लागू दे. एकेक नाव घेता घेता कधीतरी तो माझ्या नावापर्यंत येईल."