अकरा मीटर

पंच आलाच नाही. फुटबॉलची मॅच तीनची, पावणेतीन वाजून गेले. शेवटी त्याचा फोन आला. गाडी ऑटोबानवर बंद पडली होती.

नागेश कुंपणापाशी येरझाऱ्या घालत होता. आज सीझनची शेवटची मॅच, आणि मुलाच्या, अनयच्या संघाला निदान बरोबरी तरी हवीच होती. हरले तर हॅम्बर्गच्या सगळ्यात खालच्या लीगमध्ये रवानगी. त्याच्याखाली मग फक्त कबुतरं खेळतात.

ऑगस्टपासून हीच रडकथा चालली होती. अर्धा संघ पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांचा, उरलेले कोण कुठले. लाल खडीच्या मैदानावर पावसात गुडघे सोलून घ्यायचे, सहा-एकनं मार खायचा आणि वर हसत बिअर प्यायची. हिवाळ्यात ओळीनं सात मॅच हरले. मार्चपासून कॅप्टन अनयनं गाडं कसंबसं रुळावर आणलं. आता घसरलो तर संघच बंद करायचा, असं पोरांनी ठरवून टाकलं होतं. बायकापोरं सोडून रविवारी चिखलात किती लोळायचं माणसानं?

नागेश आणि त्याची बायको कुंदा, दोघांचा जीव मात्र वेगळ्याच कारणानं टांगणीला लागला होता. अनयला म्युनिकजवळ गार्चिंगला पीएचडीची जागा मिळाली होती. चार वर्षं, हवा तो विषय, हवा तो प्रोफेसर. असं आयुष्यात एकदाच मिळतं. पण नोव्हेंबरात कुंदाच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून हा रोज संध्याकाळी येऊन आईची भाजी चिरतो, कपडे वाळत घालतो. गार्चिंगचं काय, म्हणून विचारलं की खांदे उडवायचा.

"टीम टिकली तर मी इथेच. उतरली तर जाईन. गेनाऊ, अगदी असंच. आता परत विचारू नका."

कुंदानं देव पाण्यात ठेवले होते. खरेखुरे, स्टीलच्या वाटीत बाळकृष्ण. "एकुलतं एक पोर आपलं," ती उठता-बसता म्हणायची. "जवळ राहिलं तर काय बिघडतं?" नागेश हो-हो म्हणायचा आणि खिडकीत जाऊन उभा राहायचा.

पंच नसला की इथली रीत अशी, की दोन्ही संघ राजी असतील तर हजर माणसांतलाच कुणीतरी शिट्टी हातात घेतो. नागेशकडे पंचाचा परवाना होता. क्लबनं पंच पुरवले नाहीत तर गुण कापतात, म्हणून पन्नाशी उलटल्यावर त्यानं तो कोर्स केला होता. समोरच्या संघाच्या ट्रेनरनं थेट त्याच्याकडेच बोट दाखवलं.

"अहो, माझा मुलगा खेळतोय," नागेश जर्मनमध्ये म्हणाला.

"असू दे. तुम्ही स्वतःच्या बॉसला लाल कार्ड दाखवलेला माणूस. आम्हाला चालेल."

नागेशनं शिट्टी गळ्यात अडकवली. कुंदा पाण्याच्या बाटल्या घेऊन गोलच्या मागे जाऊन उभी राहिली.

सत्तर मिनिटांपर्यंत एक-एक. मग ऐंशी. अनय घसा बसेपर्यंत ओरडत होता. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला समोरच्या संघाला कॉर्नर मिळाला. चार-पाच जण एकदम उडाले, चेंडू अनयवर आदळून बाहेर गेला.

नागेशनं शिट्टी फुंकली आणि अकरा मीटरच्या ठिपक्याकडे हात केला. पेनल्टी.

"बाबा! छातीला लागला! ब्रुस्ट!" अनय धावत आला.

"हात," नागेश म्हणाला. "मागे हो."

गोलकीपर कपिल अंगावर धावून आला, त्याला पिवळं कार्ड मिळालं. लाइन्समन या पातळीवर नसतातच, मग दाद कुणाकडे मागणार? त्यांनी पेनल्टी मारली. गोल. दोन-एक. संपलं.

समोरच्या ट्रेनरनं नागेशचा हात दोन्ही हातांत घेतला. "स्वतःच्या मुलाविरुद्ध! रेस्पेक्ट, बाबा रे, रेस्पेक्ट!"

गाडीत बसल्याबसल्या कुंदाच्या तोंडाचा पट्टा सुटला. "मोठे आले नियमवाले! दोन सेकंद डोळे मिटले असते तर आभाळ कोसळणार होतं का? आता जाईल पोर. बसा तो परवाना उराशी धरून!"

हे त्या दिवसापुरतं थांबलं नाही. ती चहाचा कप आपटून ठेवायची. अनय घरात असला की जास्तच. नागेश खाली मान घालून ऐकून घ्यायचा. चौथ्या दिवशी अनयलाच त्याची कीव आली.

"आई, पुरे आता. लागला असेल कोपराला. मलाच कळलं नसेल. बाबा उगाच कशाला देतील?"

आणि त्याच संध्याकाळी त्यानं गार्चिंगला होकार कळवून टाकला.

ऑगस्टअखेर हाऊप्टबानहोफवर, म्हणजे मुख्य स्टेशनवर, दोघं त्याला सोडायला गेले. म्युनिकची गाडी चक्क वेळेवर सुटली. अनयनं काचेतून हात हलवला, मग दिसेनासा झाला. कुंदाचे डोळे गळत होते. नागेशला राहवेना.

"कुंदा, एक सांगायचंय. त्या दिवशी चेंडू..."

"छातीला लागला होता," कुंदा म्हणाली. "मी चार हातांवर उभी होते."

"जा म्हटलं असतं तर गेला नसता गं तो," नागेश कसाबसा म्हणाला. "पण मग तू तेव्हाच ओरडली का नाहीस? आणि तीन महिने मला एवढं फाडून खाल्लंस, ते?"

कुंदानं पदरानं डोळे पुसले.

"मी भांडले नसते, तर त्याला तुमचं खरं वाटलं असतं का?"