मिठागरावरचा अग्निबाण

काशीरामने काडी ओढली, वातीला लावली आणि धावत येऊन बांधाआड बसला. त्याच्या एका बाजूला त्याची बायको शेवंती, दुसऱ्या बाजूला कॉलेजातले प्रधान सर, मिटलेली छत्री गुडघ्यांवर आडवी घेऊन. समोर घाटकोपरच्या मिठागरातल्या एका सुक्या वाफ्यात लाल रंगाचा हातभर उंचीचा अग्निबाण आभाळाकडे तोंड करून उभा होता. वात फुरफुरली. धुराची बारीक रेघ निघाली. मग काहीच झालं नाही.

"होईल, सर. जरा दम धरा," काशीराम म्हणाला.

सरांना प्रयोगशाळेसाठी हाताचा हुशार माणूस हवा होता. काशीरामकडे दाखवायला सर्टिफिकिटं नव्हती. "मग स्वतःच्या डोक्याने केलेलं काहीतरी दाखव," एवढंच ते म्हणाले होते, आणि शनिवारची दुपार मोडून इथवर आलेही होते. मासिकात मंगळावर जाणाऱ्या माणसांची गोष्ट आली होती. तिच्यातल्या चित्राबरहुकूम काशीरामने सायकलच्या पंपाची नळी घेऊन, रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून तिला तीन पंख लावले होते. गिरणीने त्याला घरी बसवल्याला सात महिने झाले होते. आज जमलं तर कॉलेजातली नोकरी. नाहीतर सोमवारची बोट, आणि उरलेला जन्म गावी भावाच्या पडवीत, वहिनीच्या तोंडाकडे बघत.

पाच मिनिटं गेली. सरांनी घड्याळ पाहिलं.

"वात ओली होती का रे?"

"छे, सर! तीन दिवस उन्हात घातलेली."

शेवंतीची नजर बाजूला पडलेल्या नारळाच्या करवंटीकडे गेली.

नारळ तिनेच आणायला लावला होता. नवी होडी असो, नवं यंत्र असो, नारळ फोडल्याशिवाय कोणी हात लावतं का? काशीरामने तो दगडावर फोडला तेव्हा सरसुद्धा कौतुकाने हसले होते. मग तो सरांना बांधाआड बसवायला गेला, आणि ती मागे एकटी राहिली. तिने बाणाच्या टोकाला कुंकू लावलं. तिचा बाप नव्या होडीवर शिंपडायचा तसं करवंटीतलं पाणी बाणावर शिंपडलं. थोडंथोडकं नाही, अगदी मनापासून. त्यात तिची काय चूक होती, देव जाणे.

"अवो," ती हळूच म्हणाली, "मी पानी शिपडलंय. नारळाचा."

काशीराम तिच्याकडे बघतच राहिला.

"खंय?"

"वरसून. सगळ्या बाणार."

मग त्याने मान पुन्हा बाणाकडे वळवली. रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. सरांना मात्र हसू आवरेना. ते उठले, धोतराची माती झटकली आणि म्हणाले, "राहू दे, काशीराम. वाईट वाटून घेऊ नकोस. गोष्टी वाचाव्यात, आनंद घ्यावा. प्रयोगशाळेचं काम निराळं."

"सर, आत धुमसतंय ते. आता जवळ जाता येणार नाही, पण पेटेल. दहा मिनिटं थांबा, सर. पाया पडतो."

"माझ्याकडे येणाऱ्याने आधी वात कोरडी ठेवायला शिकलं पाहिजे," सर म्हणाले. आवाज मऊ होता, समजूत काढल्यासारखा. त्या मऊपणानेच शेवंतीला कळून चुकलं की आता काही उरलं नाही.

सरांनी पश्चिमेच्या उन्हाला छत्री उघडली आणि बांधावरून स्टेशनच्या दिशेने चालू लागले. काशीराम त्यांच्याकडे बघत नव्हता. तो बाणाकडे बघत होता.

सर बांधाच्या पार टोकाला पोचले असतील-नसतील, तोच वाफ्यात काहीतरी फसफसलं. ठिणग्या उडाल्या. आणि सूं करून तो लाल बाण जो सुटला, तो सरळ वर! एका माडाएवढा गेला, दोन माडांएवढा गेला, आणि तरी जातच होता. कुठे डगमग नाही, कुठे वाकडं वळण नाही. टोकाचा पत्रा उन्हात चमकला आणि डोळे दिपले.

"सर! ओ सर! वर बघा, वर!" काशीराम बांधावर उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडला.

वारा पश्चिमेचा होता. त्याने शब्द मागेच फिरवले. बाणाचा आवाज सरांनी ऐकला असेल, तर पलीकडच्या खाणीतला सुरुंग समजून सोडून दिला असेल. तिथे दिवसभर सुरुंग उडतच होते. काशीरामची नुसती हाक मात्र, शब्दांवाचून, पोचली असावी. कारण सरांनी मागे न वळता, छत्रीखालून एक हात वर केला आणि पुरे, पुरे असा हलवला. मग ते झुडपांआड गेले.

बाण वर थांबल्यासारखा झाला, कलला आणि दूर खाडीच्या चिखलात पडला.

"धावा ना," शेवंती म्हणाली. "सांगा त्यांका."

"काय सांगू? तुम्ही गेल्यावर उडला म्हणून?"

"मी सांगतंय. मी बघलंय. ह्या डोळ्यांनी बघलंय."

काशीरामने आता तिच्याकडे मान वळवली. रागावलेलासुद्धा नव्हता तो.

"तू बघून काय उपेग गो?"

शेवंतीने वर पाहिलं. आभाळात धुराची रेघ अजून होती, वाऱ्याने वाकडी होत चाललेली. जन्मात एवढं सुंदर काही तिने पाहिलं नव्हतं, आणि ते त्याला सांगायची सोय आता उरली नव्हती.