गणिताचा तास

बारावीचं अख्खं वर्ष आमच्या धाकटीच्या वर्गात गणिताचा तास रिकामाच गेला. सर म्हणे शिक्षण खात्याच्या वरच्या कार्यालयात कामावर. मग हीच खडू घेऊन उभी राहायची आणि पुस्तकात बघून बाकीच्यांना शिकवायची. तिथेच तिला शिक्षक व्हायचं वेड लागलं. हुशार मुलांनी या पेशात यावं म्हणून निघालेल्या शिष्यवृत्तीला तिने अर्ज केला.

मुलाखतीत साहेबांनी गुणपत्रिका बघून नाक मुरडलं. "गणितात दोन गुण कमी. असली मुलं शिक्षक होणार म्हणजे आनंदच आहे. गणित शिकवायला होतं तरी कोण तुम्हाला?"

धाकटीने टेबलावरची नावाची पाटी पुन्हा एकदा वाचली.



"तुम्हीच, सर. वेळापत्रकात अजून तुमचंच नाव आहे."