शाडूचं डोकं

"ही कोण? तुमची धाकटी बहीण?"

ललित सरांनी चिमणाबाईंनी केलेल्या मातीच्या डोक्यावर पेन्सिल रोखली. अख्खा क्लास खिदळला. पोरं सगळी विशीतली, चिमणाबाई एकट्या पंचावन्नच्या.

ललित सर मुंबईला शिकून आले होते. तेव्हापासून नाक इतकं वर, की पावसाळ्यात म्हणे नाकाला वेगळी छत्री लागायची. आज मूर्तिकलेच्या क्लासचा शेवटचा दिवस. समोर आरसा ठेवायचा आणि शाडूत स्वतःचं डोकं करायचं. जमलं त्याला सर्टिफिकेट. नाशकात गंगापूर रोडला सत्त्याण्णव साली नवी शाळा निघाली, तिथं मातीकामाला चिमणाबाई पसंत पडल्या होत्या. अडलं होतं ते त्या कागदापाशी.

आणि हात तर गौरीचे. तीस वर्षं चिमणाबाईंनी गौरींचे इतके मुखवटे केले, की ओळीनं मांडले असते तर भद्रकालीतून निघालेली रांग थेट वणीच्या गडावर गेली असती, आणि देवी म्हणाली असती, पुरे गं बाई! आरशात बघून केलं तरी उतरली ती गौरच. टपोरे डोळे, इवलीशी जिवणी, सुरकुती नावाला नाही.

"बाई, इथं सणाचा बाजार नाही भरत," सर म्हणाले. "तुम्हा मूर्तीवाल्यांचं हेच. डोक्यातच साचा. आरशात दिसतंय तेवढंच करा. सुरकुत्या, पडलेला दात, सगळं. पाच वाजेपर्यंत. नाहीतर घरी बसून गौरी रंगवा."

चिमणाबाईंनी अंगठ्यानं गौरीचं नाक दाबून सपाट केलं आणि पुन्हा सुरुवात केली. सर मागंच उभे राहिले.

"कान बघा, बशीएवढे!"

"हनुवटी काय देवीला वाहिली?"

"अहो, माणूस करा, माणूस!"

चिमणाबाई आरशात बघत होत्या आणि माती लावत होत्या.

पाचला हात थांबला. हुबेहूब चिमणाबाई. दाताची खिंड, खोल गेलेले गाल, सैल अंबाडा. पण वरचा ओठ एका बाजूनं उचललेला, डोळे बारीक. पिठात निघालेल्या अळीकडे बघावं, तसं ते डोकं बघत होतं. सर डावीकडे गेले, उजवीकडे आले. ते बघतच होतं.

"चेहरा जमलाय," सर म्हणाले. "पण हा भाव? हा कुठून आणलात?"

"आरशातूनच की, सर." चिमणाबाई बादलीत हात धूत होत्या. "तुम्ही मागं उभे होता ना, तेव्हा दिसला."

शेजारच्या मनीषानं ओढणी तोंडात कोंबली. सरांनी पेन काढलं, कागदावर टेकवलं, परत उचललं. मग त्यांनी ते डोकं भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि सही केली.